अण्णांच्या गाडीचा खर्ज

आमचे वसंतअण्णा माणसाची विचारपूस करण्याआधी त्याच्या गाडीमागे जाऊन उकिडवे बसत. कान सायलेन्सरपाशी, डोळे मिटलेले. एका लग्नात नवरीची पाठवणी चालली होती, आणि अण्णा फुलांनी सजवलेल्या मोटारीमागे बसून होते. उठले आणि वधूपित्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. स्वल्प खोकला आहे, पण हुबळीपर्यंत जाईल." वधूपिता गळ्यात पडून आणखीच रडला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलो आणि जे. पी. नगरात अण्णांच्या माडीवर भाड्याने राहिलो. अण्णा मूळचे बेळगावचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांची बायको, म्हणजे साऱ्या गल्लीच्या अक्का. शिवाय पोर्चमध्ये एक जुनी, दोन दारांची, हिरवी विलायती मोटार. अमेरिकेतून परतलेल्या कुणा साहेबांनी ती हौसेनं इथवर आणली होती आणि हात टेकल्यावर अण्णांना विकून टाकली होती.

तिकडच्या कायद्यापायी तिच्या इंजिनावर धूर कमी करणारा पंप आणि नळ्यांचं जंजाळ बसवलेलं होतं. पंप कधीच जाम झालेला, नळ्या चिरलेल्या. "लग्न उरकलं तरी मुक्काम न हलवणारे पाहुणे आहेत हे," अण्णा म्हणाले. "काम काही नाही, जागा मात्र अडवून बसलेत." एका रविवारी त्यांनी पाहुण्यांची बोळवण केली आणि उरलेल्या भोकांना बुचं ठोकली. आता धूर वाढेल, ही माझी शंका त्यांना भलतीच झोंबली. कार्बोरेटर जुळवून ते तडक धुराच्या तपासणीला गेले, पास होऊन आले, आणि आठवडाभर माझ्याशी परीक्षेत पहिला आल्यासारखे वागले.

खरं वेड यापुढचं. जुना सायलेन्सर काढून अण्णा दर रविवारी नवा बसवू लागले. कधी लांब, कधी आखूड, कधी मांडीएवढा जाड. "आवाज मोठा नको रे, खालचा पाहिजे. खर्जातला. किंचाळते ती गाडी वाह्यात. गाडीनं घुमायला पाहिजे की!" वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अक्कांची जास्वंद होरपळली. समोरचे गृहस्थ हात जोडून गेले. अण्णा त्यांना कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

या प्रयोगात माझं काम ठरलेलं. अण्णा गाडी घेऊन गल्लीच्या टोकाला जायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो. "मी आत वळलो की अक्का मान वर करते का, तेवढं बघ. तिला मात्र सांगायचं नाही." नवरा बायकोला टरकून आहे, एवढं मी ओळखलं आणि मनातून खूश झालो.

पहिल्या वेळी गाडी घुमत आली. अक्का शांतपणे भाकरी थापत राहिल्या. मी धावत बाहेर गेलो. "अभिनंदन अण्णा! अक्कांना पत्तासुद्धा नाही!"

अण्णांचा चेहरा पडला. "सरी," एवढंच म्हणून त्यांनी जॅक काढला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी मी वैतागलो. "अहो, अक्कांना काडीचा त्रास होत नाही, मग अडलंय कुठं?"

अण्णा गाडीखाली होते. मला नुसते पाय दिसत होते. पाना फिरायचा थांबला.

"तिला ऐकू कमी यायलंय," खालून आवाज आला. "कबूल करत नाही. यंत्र आणून दिलं तर कपाटात ठेवून दिलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड राहतात. लग्न झाल्यापासून बघ, माझी स्कूटर गल्लीत शिरली की ही दारात यायची. आता मी घरात येतो, ही पाठमोरी असते. जवळ गेलो की दचकते." पाना पुन्हा एकदा फिरला. मग म्हणाले, "माझीच बायको मला बघून दचकते रे."

मी घाईघाईनं त्यांना पुढचा पाना दिला. तो चुकीचा निघाला आणि त्यांनी मला शिव्या दिल्या, तेव्हा दोघांनाही बरं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मांडणीवरच्या ताटल्या आधी थरथरल्या. मग जमिनीतून यावा तसा एक जाड, गोल आवाज स्वयंपाकघरात शिरला. अक्कांचा थापता हात थांबला. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पिठाच्या हातांनी थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या.

अण्णांनी फाटकापाशी गाडी थांबवली.

"केवढा तो आवाज!" अक्का कडाडल्या. "शेजारीपाजारी राहतात की इथं! मी काय बहिरी आहे व्हय?"

"नाही गं, अजिबात नाही!" अण्णा ओरडले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी गाडी मागे घेतली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि पुन्हा घराकडे वळवली. अक्का दारातच उभ्या होत्या.