बाकड्याचं कुठं लिवलंय?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या बेलापूरच्या दवाखान्यात रोज सगळ्यात आधी येणारा माणूस आजारी नसतो. रंगनाथमामा साडेआठला येतात, चपला बाहेर काढतात आणि पेशंटच्या लाकडी बाकड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक जागेवर मिनिटभर बसून बघतात. भिंतीकडच्या शेवटच्या जागेवर जरा जास्तच. मग उठून मला अहवाल देतात. "मॅडम, तिसऱ्या जागंवर ऊन येतंय. तापाचा मानूस तिथं बसवू नका." पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, आधी मामांनाच तपासायला हवं.

मामा कंपाउंडर. माझ्याआधी गावात जे जुने डॉक्टर होते, त्यांच्याकडे त्यांनी उभं आयुष्य काढलं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. मी नवी पाटी लावली त्याच आठवड्यात मामा टेम्पोतून तिथलं बाकडं घेऊन दारात हजर. "बाकडं हाय, मी हाय. दोगं बी कामाचे हायेत." नाही म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

त्यांचं एक ठाम मत आहे. "दवाखाना डॉक्टर चालवत न्हाई, बाकडं चालवतं." हे ते माझ्यासमोर म्हणतात, पेशंटसमोर म्हणतात, माझ्या सासूबाईंनाही ऐकवून झालंय. त्यात तथ्य आहे, ही आणखी चिडायची गोष्ट. "दम लागलेला मागं टेकत न्हाई. मुतखड्याचा बसतच न्हाई, येरझाऱ्या घालतो. आन् जो लई आरडतो, त्याला जरा थांबलं तरी चालतंय." एमबीबीएसला मला हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नाद कात्रणांचा. दवाखाना चालवणाऱ्यांच्या कामाचं पेपरात जे काही छापून येतं, ते मामा कापतात, लाल पेन्सिलीने शेरा मारतात आणि फायलीत लावतात. फायलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'डॉक्टरला माहीत नसलेल्या गोष्टी'. पिवळ्या पिशवीत कुठला कचरा, लाल पिशवीत कुठला, नोंदणीचं नूतनीकरण कधी, पेशंटच्या हक्कांचा फलक कुठे लावायचा. शेरे तीनच: 'आजच', 'बघू' आणि 'फालतू'. एकदा भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावर मला 'आजच' अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. बघते तर खरंच त्याची तारीख उलटून गेलेली.

मध्यंतरी मी 'दवाखान्याचं व्यवस्थापन' या विषयावरच्या कार्यशाळेला दोन दिवस पुण्याला जाऊन आले. येताना जाडजूड फाईल मिळाली. मामांनी बोटाला थुंकी लावून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मिटली आणि माझ्यापुढे सरकवली.

"छान हाय. पन बाकड्याचं कुठं लिवलंय?"

त्याच फायलीत एका ॲपची माहिती होती. पेशंटने घरबसल्या मोबाईलवर नंबर लावायचा, आपल्या वेळेला यायचं, आत जायचं. गर्दी नाही, कलकलाट नाही. मी ठरवूनच टाकलं. सोमवारपासून ॲप, आणि आठवडाभर नीट चाललं की बाकडं काढून चार खुर्च्या. मामांना म्हटलं, "आता तुम्ही आराम करा, वय झालं." मला वाटलं, भांडतील. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे बाकडं काढनार." बाकड्यावरून एकदा हात फिरवला आणि घरी गेले. मला फार वाईट वाटलं, पण मीही हट्टाची आहे, माघार घेतली नाही.

सोमवारी मामा आलेच. "माझा नंबर न्हाई. नुसता बसतो," म्हणाले. ॲप झकास चाललं होतं. अकराच्या सुमाराला मी एका आजोबांचं ब्लडप्रेशर बघत होते, तेवढ्यात मामा थेट आत आले. ठोठावल्याशिवाय ते कधी आत येत नाहीत.

"मॅडम, एकोनीस नंबर आदी."

"मामा, आत्ता नऊ चालू आहे. ॲपमध्ये तसं..."

"ॲपला घाम दिसत न्हाई. उठा."

या आवाजात मामा माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी उठले. भिंतीकडच्या शेवटच्या जागेवर हिराबाई नावाच्या बाई बसल्या होत्या, वस्तीवरून आलेल्या. मुलगा म्हणत होता, पित्त झालंय. त्या स्वतः म्हणत होत्या, "मला काय न्हाई बाई, नंबर येऊ द्या." चेहरा पांढराफटक, पदर घामानं ओला. ईसीजी काढला, हार्ट अटॅक होता. लगेच औषधं दिली आणि ॲम्ब्युलन्सनं नगरला रवाना केलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. वेळेत पोचलो, आई वाचली.

मी बाहेर येऊन मामांना सांगितलं. ते बाकड्यावर त्याच शेवटच्या जागेवर बसून होते. विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"आमच्या घरातली हितंच बसली हुती," मामा म्हणाले. "असाच घाम. म्हनली, छातीत कसंतरीच हुतंय. मी तिला सतरा नंबर दिला. लोक म्हनले असते, कंपाउंडरनं बायकू मधी घुसवली. आमच्या डॉक्टरांना कळतं तर पयली आत घेतली असती. मीच बोललो न्हाई. ओळीनं एकेकाला आत सोडत ऱ्हायलो."

त्यांनी हातानं बाकड्यावरची धूळ झटकली.

"तिचा नंबर आला तवा हाक मारली, 'सतरा'. दोनदा मारली. ती उठलीच न्हाई. नावानं बी मारली न्हाई, मॅडम."

मला रडू आलं. त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिले.

बाकडं जागेवरच आहे. ॲपही चालू आहे. त्याच्या माहितीपत्रकावर मामांनी 'बघू' असा शेरा मारलाय. पण नंबर पुकारणं आम्ही बंद केलं.

महिन्याभराने हिराबाई दाखवायला आल्या. त्यांची पाळी आली तसे मामा दारात उभे राहिले.

"हिराबाई," त्यांनी हाक मारली.

त्या शेजारणीशी बोलण्यात गुंग होत्या. मामांचा हात दाराच्या कडीवर घट्ट झालेला मला आतून दिसला.

"हिराबाई!"

"आले की वं," त्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या. "बहिरी न्हाई मी."

"या, या," मामा म्हणाले, आणि त्या आत येईपर्यंत दार धरून उभे राहिले.