चांगुणाकाकींच्या दोरीवरचा पास्ता

आमच्या समोरच्या चांगुणाकाकींच्या गॅलरीत रविवारी कपडे वाळत नाहीत, पास्ता वाळतो. दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळट फिती लोंबत असतात आणि त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून मध्येमध्ये कपड्यांचेच चिमटे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा येऊन समज दिली, की बाहेरून दिसेल असं काही दोरीवर टाकू नये. काकींनी त्यांना दारातच वाडगाभर पास्ता खायला घातला, सुकट आणि घरचा मसाला घालून केलेला. तेव्हापासून सेक्रेटरी समज देत नाहीत. रविवारी जेवायच्या वेळेला मात्र त्यांचं आमच्याच मजल्यावर काहीतरी काम निघतं.

सुकापूरची ही आमची बिल्डिंग काकींच्या सासऱ्यांच्या भातशेतावर उभी आहे. त्यामुळे आम्ही सगळे नुसते फ्लॅटमालक आणि काकी मूळ मालक. मी राहायला आले त्या दिवशी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या, फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या जागंवर आमची खळी होती. भाताची झोडनी हितंच व्हायची. बरकत हाय जागंला, मास्तरीनबाई." मी शाळेत चित्रकला शिकवते, एवढं ऐकून त्यांनी माझं नाव ठेवलं ते आजतागायत तेच आहे. बरकतीचं म्हणाल तर अजून वाट बघते आहे.

काकी साठीच्या पुढच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या आणि बंदरावर शिफ्टची नोकरी करणारा मुलगा नितेश. पापलेट चिरण्यापासून जावयाचा मान ठेवण्यापर्यंत जगातल्या कुठल्याही गोष्टीवर काकींचं एकच म्हणणं असतं: "त्यात काय नाय, हात पायजे." पास्त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. पास्ता लाटायच्या मशीनला तीन हात लागतात. एक दांडा फिरवायला, एक वरून पीठ सरकवायला आणि एक खालून पट्टी झेलायला. काकींना देवाने दोनच दिलेत, म्हणून दर रविवारी सकाळी तिसरा माझा. मला विचारलं वगैरे नव्हतं. "मास्तरीनबाई, मोकळ्याच हाव ना?" एवढं दारातून आलं की निघायचं.

मशीन त्यांची नाही. ती सुनेची, श्रुतीची. ठाण्याची मुलगी, लग्नात संसाराच्या सामानाबरोबर ही स्टीलची, हाताने फिरवायची मशीन घेऊन आली. ती आणि नितेश वेगळे झाले त्याला आता दोन वर्षं होतील. कारणं त्या दोघांची दोघांना ठाऊक. मला त्यातली निम्मी बंद दारातून ऐकू आली आहेत, पण ती काही मी सांगणार नाही. श्रुती मुलीला घेऊन खांदा कॉलनीत भाड्याने राहायला गेली, मशीन तेवढी माळ्यावर राहिली.

ती काकींनी खाली काढली आणि पहिल्याच दिवशी नळाखाली धरून घासली. काथ्याने. चार दिवसांत दांड्याला गंज. मग कुठून तरी कळलं, की हिला पाणी लावायचं नसतं, पिठाचाच गोळा आत फिरवून साफ करायचं. तेव्हापासून घरात कुणी मशीनजवळून पाण्याचा तांब्या घेऊन गेलं, तरी काकी ओरडतात, "लांबून! तिला पानी चालत नाय!"

दुसरी गंमत पिठाची. काकींच्या आगरी घरात पीठ म्हणजे तांदळाचं, हे काय सांगायला हवं? नेरे गावच्या शेतातला तांदूळ, त्याचं पीठ, भाकरीला काढतात तशी उकड काढून काकींनी ती मशीनमध्ये घातली. मशीनने ती आत घेतली आणि परत द्यायचं नाव काढीना. नितेशने शिफ्टवरून येऊन स्क्रू काढून दाभणाने कोरून बाहेर काढली. पुढे मोबाईलवर व्हिडिओ बघून मैदा, रवा आणि अंड्यांवर गाडी आली. व्हिडिओत कुणी इटलीतली म्हातारी होती, भाषेचं अवाक्षर कळत नव्हतं, पण काकींचं तिच्याशी छान जमलं. "हिचा हात बगा कसा चालतो. आमच्या सासूसारखा." मग जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, "एकलीच मळते वो. सून कुटं दिसत नाय."

आता टेबलाचं सांगते. ही मशीन टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवावी लागते, नाहीतर दांड्याबरोबर तीही फिरते. ओट्याचा ग्रॅनाइट जाड, त्यावर ती बसत नाही. काकींचं जेवणाचं टेबल सागवानी आहे. काकांनी हौसेने करून घेतलेलं ते शेवटचं सामान. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात श्रुतीने पीठ मळून मशीन त्या टेबलाला लावायला घेतली, तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "नको गं, वळ पडतील." श्रुतीने मशीन पुसून माळ्यावर ठेवली. श्रुती घरात असेपर्यंत ती पुन्हा खाली आली नाही.

बस, एवढंच घडलं होतं. पण सून गेल्यावर काकींनी एकटीने बसून सगळा हिशोब मांडला आणि तो येऊन थांबला टेबलापाशी. "नवीन पोर, हौसंनं कराला गेली. मी लाकडाला जपली, तिला नाय जपली. तितंच तिचं मन तुटलं." मी कितीदा सांगितलं, की अहो, टेबलासाठी कुणी घर सोडत नाही. पण काकींना माझं पटत नसे. आता त्या मशीन दर रविवारी नव्या जागी आवळतात. टेबलाच्या चारी कडांना वळ आहेत, पॉलिश पार उडालंय. पाहुण्यांनी विचारलं तर अभिमानाने हात फिरवून दाखवतात.

हे सगळं रविवारी करायचं कारण रविवारी नात येते. सावी, पाच वर्षांची. श्रुती सकाळी तिला गेटपाशी सोडते, संध्याकाळी गेटवरूनच घेऊन जाते. वर येत नाही. काकींना फक्त एकच हवं होतं: श्रुतीने एकदा वर यावं, टेबलाचे वळ बघावेत, आणि परत यावं. परत यावं हे त्या बोलत नसत, पण दर रविवारी पास्ता तीन माणसांना पुरून उरेल एवढा व्हायचा आणि एक ताट झाकलेलं असायचं.

गेल्या महिन्यात सावी अडून बसली. तिने स्वतः दांडा फिरवून केलेल्या फिती दोरीवर वाळत होत्या आणि त्या वाळल्याशिवाय ती खाली उतरणार नव्हती. गेटवरून दोन फोन झाले. शेवटी श्रुती वर आली. नितेश ड्यूटीवर होता. मी निघणार होते, पण काकींनी माझा दंड घट्ट धरून ठेवला.

"ये बाय, बस," काकी म्हणाल्या आणि झाकलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं. श्रुती संकोचून बसली. एक घास खाल्ला, मग दुसरा. "छान झालाय, आई. सुकट किती मस्त लागते यात. फक्त मशीनच्या शेवटच्या नंबरपर्यंत पातळ नका करू, तुटतो मग."

काकींनी मान डोलवली. शाळेतल्या पोरीसारखी. मग ताट उचललं, टेबलक्लॉथ एका झटक्यात बाजूला सारला आणि म्हणाल्या, "बग. चारी बाजूंनी लावते मी आता. आख्खा खराब झाला तरी चालंल. मी तवा तुला नको बोलली ना, माजी अक्कल गेलती. तू मनात नको ठेवू."

श्रुतीने टेबलाकडे बघितलं, काकींकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काही उमगत नव्हतं. काकींनी तो दिवस तिला सगळा सांगितला, मळलेलं पीठ, वळ, माळा.

"आई, मला हे आठवतसुद्धा नाही," श्रुती म्हणाली. तिने काकींचा हात हातात घेतला होता. "खरंच. आमचं दोघांचंच जमलं नाही. तुमचं त्यात काही नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते. मुलगी गुणाची आहे, मी आधीपासून म्हणते.

काकींनी तिला मशीन न्यायला सांगितली. ती "राहू द्या, तुम्हाला छान येतंय," म्हणाली. फिती वाळल्या, सावीने त्या डब्यात भरून घेतल्या, दोघी गेल्या. गेटपर्यंत पोचवायला काकी उतरल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिल्या.

मी आपली समजूत घालायला गेले. म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? तुमचा काही दोष नव्हता. आता तरी जिवाला लावून घेऊ नका, सुटलात तुम्ही.

काकींनी टेबलक्लॉथ पुन्हा सरळ केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजा दोष असता तं बरा होता वो, मास्तरीनबाई. टेबल फोडून चुलीत घातला असता, तिच्या पाया पडली असती, आन घेऊन आली असती घरी. आता मी काय करू?"