गंधर्वाचा इलेक्ट्रोड

गंधकाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. कार्बनच्या संगतीला लागला की मात्र नाक धरून पळावं लागतं. (संगतीचा परिणाम, दुसरं काय!)

अशा वाया गेलेल्या संयुगांना विजेने सन्मार्गाला लावण्यात एका संशोधकाची अकरा वर्षं गेली होती. इलेक्ट्रोड बुडवायचा, वीज सोडायची. गंधकाला ऑक्सिजन चिकटला की वास संपला. यातून कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध होणार होतं. (सांडपाण्याला तसं अजून कळवलं नव्हतं.) सहकारी त्याला 'गंधर्व' म्हणत, गाण्याचा संबंध नव्हता. जेवायला त्याला अख्खं टेबल मिळे. हा ज्येष्ठतेचा मान, असं तो सात वर्षं समजत होता.

अडचण इलेक्ट्रोडची होती. गंधक चिकटून चिकटून प्लॅटिनमने तिसऱ्या दिवशी मान टाकली. सोन्याला तर तो सोडेचना. मग गंधर्वाने हिऱ्याच्या इलेक्ट्रोडसाठी अर्ज केला. समितीने चौदा शंका काढल्या. पैकी नऊ समितीलाही कळल्या नव्हत्या.

"हिरा म्हणजे शेवटी कार्बनच ना?" त्याची चित्रकला शिकवणारी बायको म्हणाली. "मग माझी पेन्सिल ने की! तिच्यातही तोच असतो."

तो मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी दार लावून त्याने पेन्सिल सोलली, तिची कांडी द्रावणात बुडवली आणि वीज सोडली. दुपारपर्यंत वास गेला असावा, पण स्वतःच्या नाकावरचा त्याचा विश्वास केव्हाच उडाला होता. त्याने झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावलं.

मावशींनी बाटली हुंगली. "हिला नाही येत, साहेब."

"नक्की?"

"नक्की. तुम्हाला येतोय."

अकरा वर्षांत प्रथमच त्याचा प्रयोग यशस्वी झाला होता, आणि त्याने आधी पेन्सिलची सालं खिशात लपवली. पेन्सिलने भागतं म्हटल्यावर हिरा कोण देणार? आणि हिऱ्याविना त्याला कोण विचारणार? संध्याकाळपर्यंत त्याने निष्कर्ष लिहून काढला: 'स्थानिक ग्रॅफाइटचे परिणाम उत्साहवर्धक असले, तरी हिऱ्यावर सखोल संशोधन अत्यावश्यक आहे.'

बायकोने वाचलं. "यातली स्थानिक म्हणजे मी का?"

"तू आणि पेन्सिल, दोघी," तो खाली मान घालून म्हणाला. अकरा वर्षांत त्याने केलेलं हे एकमेव अचूक विधान.

शोधनिबंध छापून आला. पेन्सिलकडे कुणी फिरकलं नाही, सांडपाणी होतं तसंच वाहतंय. अर्थात त्याबद्दल तुम्ही विचारणार नाही, याची खात्री आहे. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते एवढंच, की हिरा मिळाला का?