शिळेवरचा हिरवा बाण

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका, बाळांनो. जंगलातही पदवी लागतेच.

विद्यापीठाची प्रयोगशाळा एका गुहेत होती. तिथे साळिंदरबाई पिल्लांना राळ तापवायला शिकवत. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. जरा जास्त तापला की भडकतो आणि काळाकुट्ट धूर होतो.

गुहेला दोन तोंडं होती. पुढचं आत यायला, मागचं प्रसंग आला तर पळायला. पण पिल्लं प्रसंगाची वाट बघत नसत. तास चालू असतानाच मागून करवंदं खायला पळत. म्हणून कुलसचिव कोल्होबांनी मागच्या तोंडाला भलीमोठी शिळा लावून घेतली. हजेरी सुधारली. कोल्होबांना शाल-श्रीफळ मिळालं.

एक दिवस राळ भडकली. पिल्लं खोकत, रडत, एकमेकांना तुडवत कशीबशी पुढून बाहेर पडली. सशाच्या पिल्लाचे कान होरपळले.

साळिंदरबाई तडक कुलगुरू हत्तीसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, ती शिळा आधी काढा. उद्या एखादं पिल्लू आत राहिलं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"अहो बाई, पण हजेरीचं काय?" कोल्होबा मध्येच म्हणाले.

हत्तीसाहेबांनी सोंडेने एक धक्का दिला असता तर काम झालं असतं. पण कुलगुरूंनी स्वतः काही करायचं नसतं. त्यांनी समिती नेमली.

समितीने गुहेची पाहणी केली. बाहेरूनच केली, कारण आत धुराचा वास येत होता. मग शिफारस आली: शिळेवर मोठा हिरवा बाण काढावा आणि खाली लिहावं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'.

बाण फार सुरेख निघाला.

पुढे सुरक्षा सप्ताह आला. उद्घाटन गुहेतच ठरलं. हत्तीसाहेबांना आत घ्यायला माकडांनी मागून रेटलं. समई मांडली. शेजारीच राळेचं मडकं होतं. ते हलवायचं कुणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं. दीपप्रज्वलन करताना साहेबांची सोंड मडक्याला लागली आणि राळ समईवर सांडली.

भडका उडाला. गुहा धुराने भरली.

"घाबरू नका! बाणाकडे चला!" कोल्होबा ओरडले.

सगळे अगदी शिस्तीत शिळेवर आदळले. मागे फिरले, तर पुढच्या तोंडात हत्तीसाहेब अडकलेले. डोकं बाहेर, बाकीचे साहेब आत.

"साहेब, पुढे सरका! पिल्लं गुदमरतायत!" साळिंदरबाईंनी हाक मारली.

"प्रयत्न सुरू आहेत," बाहेरून उत्तर आलं.

बाईंनी पाठ वळवली, काटे फुलवले आणि उलट्या पावली धावत जाऊन साहेबांवर धडकल्या. साहेब जे सुटले ते थेट तळ्यात. त्यांच्यामागून पिल्लं बाहेर पडली. सगळीच्या सगळी. हे सांगताना मला अजून बरं वाटतं.

मग रीतसर चौकशी झाली. हत्तीसाहेब उभ्यानेच बसले होते, म्हणजे बसता येत नव्हतं. कोल्होबांनी धोका शोधून काढला.

"कामाच्या ठिकाणी टोकदार वस्तू उघड्यावर होत्या," ते म्हणाले.

"अहो, त्या माझ्या अंगावरच उगवतात!" बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला कबूल आहे."

साळिंदरबाईंना विद्यापीठातून काढलं. शिळेला मात्र हार घातला. एवढ्या संकटातही ती जागची हलली नव्हती.

आता तिथे कासवसर शिकवतात. फार शांत स्वभाव. धूर झाला की मान कवचात घेतात. त्यांची कसलीही तक्रार नाही.

कान होरपळलेलं सशाचं पिल्लू हल्ली पुढच्या तोंडाशी बसतं, एक पाय बाहेर ठेवून. कोल्होबा त्याची अर्धीच हजेरी लावतात.

तात्पर्य : धोका हलत नसेल, तर धोका दाखवणाऱ्याला हलवावं. तो वजनाला हलका असतो.