गंगाधरमामांचा काटा

आमच्या गल्लीत रोज सकाळी सहा वाजता एक ट्रक सुरू होतो, दहा-बारा मिनिटं जागच्या जागी गुरगुरतो आणि बंद होतो. कुठेही जात नाही. आमच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा दचकून उठतो, खिडकीतून डोकावतो आणि चहा घेताना विचारतो, "शेजाऱ्यांची गाडी बिघडलीय का हो?" आम्ही सांगतो, गाडी ठणठणीत आहे, गंगाधरमामा काटा बघताहेत.

काटा म्हणजे ऑइल प्रेशरचा. स्टिअरिंगच्या मागे जी घड्याळं असतात, त्यांतलं हे एक. मामांच्या ट्रकमधली बाकीची घड्याळं केव्हाच बंद पडली आहेत. गाडी किती पळाली हे मामांना माहीत नाही, डिझेल किती आहे ते टाकीत काडी बुडवून पाहतात. पण ऑइल प्रेशरचं घड्याळ सदा लखलखीत. त्याची काच ते स्वतःच्या चष्म्याच्या आधी पुसतात.

बावीस वर्षांपूर्वी मी अंतरवाली सराटीहून नवीन जालन्यात बिऱ्हाड आणलं ते याच ट्रकमधून. सामान चढलं, आई देवांची पेटी मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली, गाडी सुरू झाली, पण हलेना. मला बँकेत वेळेवर हजर व्हायचं होतं. मी खालून ओरडलो, "मामा, निघा ना!"

"काटा उतरू द्या, भाऊ."

मला वाटलं कुणाच्या पायात काटा गेलाय. मी आईला विचारलं, तिने आपले दोन्ही पाय पाहिले. मग मामांनी मला वर बोलावलं आणि बोट दाखवून समजावलं. "थंड आईल घट्ट ऱ्हातं. घट्ट आईल ढकलायला जोर लागतो, म्हणून काटा वर जातो. हे बघा, साडेचार. लोक म्हणतात, वा, काय प्रेशर! अरे, आईल झोपेत आहे ते. गरम झालं की पातळ होतं, काटा उतरतो. दीडवर येऊन थांबला का समजायचं, इंजिन जागं झालं. मंग गाडीला काम सांगायचं."

त्या दिवशी मी बँकेत उशिरा पोचलो आणि साहेबांना खरं कारण सांगू शकलो नाही.

पुढे कळलं की हा नियम सगळ्यांना सारखा. मामांच्या पुतण्याचं वऱ्हाड अंबडला जायचं होतं. नवरदेव मुंडावळ्या बांधून केबिनमध्ये, मागे पन्नास माणसं, भटजींचे फोनवर फोन. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, "दादा, मुहूर्त टळून राह्यला." मामा म्हणाले, "मुहूर्त भटजीचा. इंजिन माझं."

अशा वेळी गाडी हलवायची ताकद एकाच व्यक्तीत होती. मामी. त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायच्या, काटा त्यांना दिसणं शक्य नव्हतं. पण इंजिनाचा आवाज जरा हलका झाला की आतूनच हाक यायची, "उतरला. निघा आता!" आणि मामा काट्याकडे बघायचे तर तो खरोखर दीडवर आलेला असायचा. मग त्या कपबशी घेऊन बाहेर यायच्या, केबिनच्या दारातून वर द्यायच्या, आणि मामा चहा संपवेपर्यंत पायरीला टेकून उभ्या राहायच्या. मामा सरकीच्या, सोयाबीनच्या, बियाण्याच्या खेपा करत आठ-आठ दिवस बाहेर. दोघांचा संसार मी पाहिला तो बहुतेक या दहा मिनिटांचा.

काट्याचं शास्त्र मामा माणसांनाही लावत. मी नवा होतो तेव्हा एकदा सकाळी सहाला धूर आणि आवाजावरून त्यांच्याशी भांडायला गेलो होतो. चांगला तावातावाने बोललो. मामांनी खिडकीतून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "साडेचार आहे आत्ता. दहा मिनिटानं बोला." तेवढ्यात मामींनी माझ्याही हातात कप दिला. दहा मिनिटांनी मी भांडण विसरून मामांना माझ्या स्कूटरचं ऑइल कधी बदलावं ते विचारत होतो. बायको गच्चीवरून बघत होती. ती अजून त्यावरून टोमणे मारते.

एकदा मामांना चक्कर आली म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "प्रेशर किती असतं तुमचं?"

मामा अभिमानाने म्हणाले, "सकाळी साडेचार. गरम झाल्यावर दीड."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ते गाडीचं सांगताहेत. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, तर मामांनी त्यांचा हात धरला. "थांबा साहेब, मी आत्ताच जिना चढून आलो. गरम आहे. कमी दाखवीन." निघालं एकशे सत्तर. मामांनी यंत्राला टिचकी मारली, काटा हलतो का पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "मीटर खराब हाय." गोळ्या त्यांनी घेतल्या, कारण मामी रोज चहाबरोबर तळहातावर ठेवायच्या.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मामांनी एकही खेप केली नाही. ट्रक दारात उभा राहिला, फक्त सकाळचं सुरू होणं थांबलं नाही.

त्यांचा मुलगा संतोष पुण्यात. चांगला आहे पोरगा, बापाला न्यायला दर दोन महिन्यांनी येतो. मामांनी त्याला अट घातली, "गाडी इकली की येतो. तिला अशी उघड्यावर टाकून यायचो न्हाई." गाडी विकली की घराला कुलूप आणि मामा पुण्याला, असं ठरलं. संतोषने मला बाजूला घेऊन गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मलाही वाटलं, एकट्या म्हाताऱ्या माणसाने इथे काय करायचं? मी मन लावून कामाला लागलो.

तीन गिऱ्हाइकं आणली. तिन्ही वेळेला तमाशा तोच. गाडी एका फटक्यात सुरू व्हायची, काटा साडेचारवर, गिऱ्हाईक खूश. म्हणायचं, ठरलं. मामा म्हणायचे, "थांबा. काटा उतरू द्या." आणि पुढे दहा मिनिटं ते बिचारं आपल्या डोळ्यांदेखत काटा खाली येताना पाहायचं. तिसरा तर घाबरून उठलाच. "अहो, प्रेशर पडून राह्यलं! इंजनाला काम निघालंय!" मामांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला, पण तो तोवर मोटारसायकलला किक मारत होता.

मी वैतागून म्हटलं, "मामा, थंड गाडी दाखवायची अन् लगेच बंद करायची. सगळे तसंच विकतात."

मामांनी कानाला हात लावले. "फसवून इकू? बिलकुल न्हाई. गरम इंजिनाचा काटा तोच खरा."

संतोषला मी फोनवर कळवलं, बाबांच्या प्रामाणिकपणापुढे इलाज नाही.

मागच्या महिन्यात धावड्याचे एकनाथराव आले. साठीचे, स्वतः तीस वर्षं ट्रक चालवलेले, आता मुलाच्या शेतमालासाठी जुनी गाडी शोधत होते. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, गाडी आधीच गरम करून ठेवलेली नाही ना, एवढं पाहायला. मामांचे डोळे चमकले. दोघं केबिनमध्ये शेजारी बसले, मी पायरीवर. गाडी सुरू झाली. साडेचार. एकनाथरावांची नजर काट्यावर. चार. तीन. दोघंही एखादं भजन ऐकावं तसे बसले होते. काटा दीडवर आला, थांबला. एकनाथरावांनी वाकून हळूच रेस दिली. काटा साडेतीनवर चढला, सोडल्यावर पुन्हा दीडवर आला.

"वा, मामा!" ते म्हणाले. "किती बराबर ठेवली हो गाडी! याच्यापेक्षा आणखी काय पाह्यजे? घेतली मी."

मी आनंदाने मामांकडे पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या काट्याची कदर केली होती. पण मामांचा चेहरा उतरला होता. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"नका घेऊ," ते म्हणाले. "काटा खोटा हाय. मीच मीटरमधी गडबड केल्ती. बेरिंगा गेल्यात आतून."

मामा खोटं बोलत होते, तेही काट्याबद्दल. आणि इतकं कच्चं खोटं बोलत होते की मान वर करायची हिंमत नव्हती त्यांची.

एकनाथरावांना काय कळायचं ते कळलं. बारा मिनिटं त्या इंजिनाचा आवाज ऐकलेला माणूस तो. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग उघड्या दारातून आतल्या रिकाम्या घराकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले, "मलाबी वाटलंच. बारीक आवाज येतोय खरा." कसलाही आवाज नव्हता. मग त्यांनी हक्काने चहा मागितला, मामांशी घाटांच्या, धाब्यांच्या जुन्या गोष्टी केल्या आणि बसस्टँडकडे निघून गेले.

पाच मिनिटांत संतोषचा फोन. "काका, झाला का व्यवहार?" मामा समोरच उभे होते, टायरकडे बघत.

मी म्हटलं, "नाही रे. इंजिनाला काम निघालंय म्हणे."

फोन ठेवला. मामांनी टायरला एकदा पायाने ठोकून पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, सकाळचा गाडीचा आवाज तुमच्या झोपायच्या खोलीपर्यंत येतो ना?"

मला वाटलं, एवढ्या वर्षांनी माफी मागताहेत. म्हटलं, "येतो. पण आता सवय झाली, मामा."

"तसं न्हाई. ही होती तवा रात्रीतून मला काही झालं असतं तर हिला कळलं असतं. आता कोणाला कळायचं? पुण्यात तर दारं लावून घेत्यात लोक, पोरगा-सून सकाळीच कामाला. इथं गाडी वाजली का तुम्हाला कळतं, म्हातारा उठला." त्यांनी घराच्या दाराकडे बोट दाखवलं. "एखाद्या दिवशी सहाला आवाज न्हाई आला, तर सव्वासहापर्यंत वाट पाहा. मंग या. दार नुसतं लोटलेलं असतं."

सव्वासहा कशाला, मी सहा वाजून एक मिनिटाला येईन, असं मला म्हणायचं होतं. पण मी नुसती मान हलवली.