साडेचारची बदली

आमचे बाबीकाका जागेवरून उठताना ती जागा कधी मोकळी सोडत नाहीत. खुर्चीवरून उठले की खुर्चीत चष्म्याचं घर बसतं. दवाखान्याच्या रांगेतून पाणी प्यायला निघाले की रांगेत त्यांची एक चप्पल उभी राहते आणि ते दुसरीवर लंगडत नळापर्यंत जाऊन येतात. माझ्या लग्नात फोटोसाठी हाक मारली, तर पंगतीतल्या आपल्या पानावर एका अनोळखी गृहस्थाला बसवून आले. परत गेले तेव्हा त्या गृहस्थाने त्यांची जिलेबी खाऊन टाकली होती. काकांना जिलेबीचं काही नव्हतं. "जागा सांभाळल्यान मां," म्हणाले.

याचं मूळ गिरणीत आहे. काका लालबागच्या एका गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात, सात वर्षं बदली कामगार होते. बदली म्हणजे परमनंट कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या मशीनवर उभा राहणारा माणूस. सकाळी गेटवर जायचं, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. परमनंट व्हायची वेळ आली आणि संप आला, मग गिरणीच राहिली नाही. पुढची पंचवीस वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेली, पण काकांच्या डोक्यात जगाची खाती अजून दोनच आहेत. काकू परमनंट. जावई बदली. मंत्री तर झाडून सगळे बदली. चाळीच्या जागी टॉवर झाला, काका चौदाव्या मजल्यावर गेले, पण तो फ्लॅटही ते बदलीच धरतात, कारण लिफ्ट बंद पडली की तो आपला राहत नाही.

आता सिगरेट. वखारीत विडीकाडीला सक्त मनाई होती, त्यामुळे दर तासाला बाहेर फुटपाथवर जाऊन ओढायची सवय लागली. काका म्हणायचे दिवसाला आठ. काकू म्हणायची, आठ या मला दिसतात त्या.

यंदा त्यांना हर्निया निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सहा आठवडे सिगरेट पूर्ण बंद, मगच ऑपरेशन. खोकलात तर टाके तुटतील. आणि टाळत बसलात नि आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. काकूने हे काम माझ्यावर सोपवलं. मी सकाळच्या शाळेत शिकवते, दोन मजले खाली राहते, आणि सहावी ब सांभाळते म्हणजे काकाही सांभाळीन असं तिचं मत. सहावी ब परवडली.

लवंग झाली, बडीशेप झाली. बोटांना चाळा हवा म्हणून मी शाळेतून एक खडू आणून दिला. तो दोन बोटांत धरून काका बातम्या बघायचे आणि जाहिराती लागल्या की राख झटकायचे. सोफा पांढरा झाला, काकूने खडू जप्त केला. पण खरं सांगते, माणसाने नेट लावला. आठवड्याभरात दिवसाच्या सगळ्या सुटल्या, फक्त दुपारी साडेचारची सुटेना. ती ओढायला काका खाली पानाच्या टपरीवर जायचे.

"मी सोडतंय गो," काका म्हणाले. "पण साडेचारक माझी बदली कोण करतलो?"

"कसली बदली?"

"टपरीवर. माझी जागा मोकळी दिसाक नको."

मी हसले. काका हसले नाहीत. शेवटी ठरलं की काकांनी घरात बसायचं आणि मी साडेचार ते पावणेपाच टपरीवर त्यांच्या जागी उभं राहायचं. इलेक्ट्रिकच्या डब्याच्या डाव्या बाजूला, पाठ भिंतीला. शेहेचाळीस वर्षांची शिक्षिका, खांद्याला पर्स, पानाच्या टपरीवर. दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थ्याच्या आईने शाळेच्या गेटवर मला हळूच विचारलं, "टीचर, घरी सगळं ठीक आहे ना?"

टपरीवर कांबळे असायचे. काकांच्याच गिरणीतले, त्याच खात्यातले, पण परमनंट. आता शिवडीला मुलाकडे राहतात आणि रोज बसने इथे येतात. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. आले की पानवाल्याला जय भीम, मग एक सिगरेट घ्यायची, पेटवायची, डब्याच्या उजव्या बाजूला उभं राहायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाबी कुठे?"

"काका सिगरेट सोडतायत. मी त्यांची बदली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बदली कार्ड आणलंस?" म्हणाले, आणि मग गालात हसले.

घरी गेले की काका दारातच उभे. "कांबळ्या इल्लो?"

"आले होते."

"काय बोललो?"

"काहीच नाही."

"मग बरोबर," म्हणायचे आणि निश्चिंत मनाने चहा प्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वीस वर्षं परीक्षेला सुपरविजन केलंय, हातांकडे बघायची सवयच आहे. कांबळे सिगरेट पेटवायचे, बोटांत धरायचे, मधूनच राख झाडायचे. तोंडाला लावायचे नाहीत. चार दिवस पाहिलं आणि विचारलंच.

"चार महिने झाले सोडून," ते म्हणाले. "छातीत पाणी झालं होतं."

"मग रोज पेटवता कशाला?"

"बाबीला कळलं असतं तर म्हणाला असता, आता कशाला एवढ्या लांबून येतोस. आणि हट्टाने एकटाच उभा राहिला असता इथे."

"चार महिने काकांच्या लक्षात नाही आलं?"

"तुझा काका बोलायला लागला की समोर कोण आहे ते तरी बघतो का?" त्यांनी राख झाडली. "त्याला सांगू नकोस, पोरी."

मी शब्द दिला आणि दोन दिवस पाळलाही. तिसऱ्या दिवशी सव्वाचारला वर गेले तर काका बुशशर्ट घालून तयार, एक हात पोटावर.

"आज तू रव. मी जातंय. कांबळ्या थंय एकलो ओढता, माका घरात बसवत नाय. एकच ओढतलंय."

"आणि ऑपरेशन?"

"मरांदे ता ऑपरेशन."

काकू दार अडवून उभी होती, तिचे डोळे भरले होते. मला असा राग आला की विचारू नका. तोंडून निघून गेलं, "कांबळेकाका ओढतच नाहीत. चार महिन्यांपूर्वी सोडली त्यांनी. नुसती हातात धरतात, तुम्ही एकटे पडू नये म्हणून."

काका चपलांच्या स्टँडवर बसले. मला वाटलं चिडले.

"गिरणीत ह्याचा पोट दुखायचा," म्हणाले. "सगळी गिरणी म्हणायची, कांबळ्याचा पोट नाजूक. खोटा सगळा. दगड पचवील असो माणूस. माझ्या घरात चूल पेटली नाय ह्या त्याका कळला, की सांजचो येवन सांगायचो, 'बाबी, उद्या माझा पोट दुखतला. गेटवर पुढे उभो रव.' दुसऱ्या दिवशी ह्याचो खाडो, माका काम. म्हयन्यातून दोनदा-तीनदा. सात वर्षां."

काकूने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी तर तोंडाला पदर लावून रडले, शिक्षिका असूनसुद्धा.

ऑपरेशन पुढे ठरल्या दिवशी झालं, टाकेही शाबूत आहेत. पण त्या दुपारी आम्ही तिघंही खाली उतरलो. कांबळे नेहमीच्या जागी होते, हातात पेटलेली सिगरेट. काका सरळ त्यांच्यासमोर गेले, त्यांच्या बोटांतून ती सिगरेट काढून घेतली. काकूने माझा दंड घट्ट धरला. काकांनी क्षणभर सिगरेटकडे बघितलं, ती खाली टाकली आणि चपलेने विझवली.

मग विचारलं, "पोट कसा आसा?"

कांबळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आता बरं आहे, बाबी," ते म्हणाले आणि डाव्या बाजूला काकांना जागा करून दिली.