शेजाऱ्याने ठरवलेला कर

"न्याय्य करव्यवस्था हा विकसनशील देशाचा कणा आहे," करअधिकाऱ्यांनी दिवाणखान्यात उभं राहून जाहीर केलं. उभं राहून, कारण सोफ्याचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं.

"कणा नंतर. आधी तुमचं टोक उचला," ती म्हणाली.

योजना त्यांचीच होती. माणूस सरकारपासून वाटेल ते लपवील, शेजाऱ्यापासून काय लपवणार? म्हणून घरातली चीजवस्तू शेजाऱ्याने पाहायची आणि त्यावरून कर ठरायचा. साहेब इतके खूश झाले की पहिला प्रयोग अधिकाऱ्यांच्याच गल्लीत ठरला. आज साहेब जातीने पाहायला येणार होते. जमलं तर बढती.

"अगं, पण मीच सोफा लपवायचा?"

"आपल्याकडे शेजारची शिंपीण येणारे. पडदे तिच्याकडे शिवायला टाकले नाहीत, ते विसरलेली नाही ती. एका सोफ्याचे तीन सांगेल."

गल्लीच्या टोकाला बायकोचा धाकटा भाऊ एका खोलीत राहायचा. रंगारी माणूस, एक खाट आणि ब्रश. त्याच्यावर कोण कर लावणार? सोफा भल्या सकाळी तिकडे निघाला.

अडचण एवढीच की ही अक्कल अख्ख्या गल्लीला सुचली होती. शिंपिणीचा फ्रीज आत पोहोचला होता, हेडमास्तर टीव्ही घेऊन दारात होते आणि डॉक्टर वॉशिंग मशीन ढकलत होते. कुणी कुणाला हटकलं नाही. प्रत्येकाच्या हातात कशाचं तरी टोक होतं.

साहेब आले. घरोघरी नुसत्या भिंती. डॉक्टर पालथ्या बादलीवर बसले होते. पाठीला बरं असतं म्हणाले. अखेर साहेब रंगाऱ्याच्या दारात थबकले.

"सापडला गल्लीतला कुबेर. सगळा कर याच्यावर."

"अहो, बोला काहीतरी. मरेल तो," बायको कुजबुजली. भाऊ तिचा होता, सोफा त्यांचा होता आणि बढती साहेबांच्या हातात. अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. त्यापुढे मजल गेली नाही.

"हे सगळं तुमचंच?" साहेबांनी विचारलं.

फ्रीज आणि भिंत यांच्या फटीतून रंगारी म्हणाला, "दुसरं कुणी आपलं म्हणत नाहीये, म्हणजे माझंच की. भरतो कर. यातलंच थोडं विकून भरीन."

"फ्रीज माझाय," शिंपीण म्हणाली. "घ्या लिहून."

हेडमास्तर टीव्हीला जाऊन बिलगले. डॉक्टरांनी मशीनवर हात ठेवला. बायकोचं कोपर बरगडीत बसल्यावर अधिकाऱ्यांनीही सोफा कबूल केला.

साहेब भारावले. "लोक आपणहून सांगताहेत. आजवर कुठल्या खात्याला जमलं नाही हे. तुमची बढती पक्की. आणि यापुढे गल्लोगल्ली एकेक रंगारी नेमा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगारी सोडून.

"भावजी," तो हळूच म्हणाला, "नेमणुकीचं सावकाश बघा. आधी तेवढं मशीन सरकवा. मागे संडासाचं दार आहे, आणि मी सकाळपासून थांबलोय."